दाराबाहेर घेतलेलं पाकीट

वाचकाचं पत्र

सहा वर्षांपासून मी ध्यान शिकवते. सुरुवातीला ओळखीतले चार-पाच जण यायचे, आता आठवड्याला वीसेक जण येतात. कोणी ध्यान शिकायला, कोणी मन मोकळं करायला, कोणी घरातल्या आजारी माणसासाठी प्रार्थना करा म्हणून. आजवर मी पैसे मागितलेले नाहीत. पण या सगळ्याला वेळ द्यायचा म्हणून नोकरीचे तास कमी केले आणि आता घरात ओढाताण होते आहे. मैत्रीण म्हणते, फुकट दिलेल्याची किंमत राहत नाही, फी लाव. ज्यांच्याकडे मी शिकले ते म्हणतात, विकलीस तर विद्या जाईल.

गेल्या महिन्यात एक बाई आल्या होत्या. नवरा अतिदक्षता विभागात. मी त्यांच्याजवळ बसून प्रार्थना केली. जाताना त्यांनी जाडजूड पाकीट पुढे केलं. मी नको म्हटलं, तर दाराबाहेर माझ्या दिरांनी ते घेतलं. ते कपाटात तसंच पडून आहे. आणखी एक गृहस्थ दर आठवड्याला, कधी दोनदाही येतात. प्रत्येक निर्णय मला विचारून घेतात आणि सगळ्यात जास्त पैसेही तेच देऊ करतात. फी घ्यावी का? घेतली तर किती, आणि कोणाकडून घेऊ नये?

– एक साधिका

उत्तर

ताई,

आधी पाकिटाचं उरकून घेऊ. फीचा विचार सावकाश करता येईल, पाकीट मात्र याच आठवड्यात परत जायला हवं.

ते देताना त्या बाईंची अवस्था काय होती ते आठवा. नवरा यंत्रांवर, डोक्यात बिलांचा हिशोब, रात्र-रात्र झोप नाही. गरजवंताला अक्कल नसते, असं आपण म्हणतो. त्यात गरजवंताला नावं ठेवलेली नाहीत, समोर बसलेल्याची जबाबदारी सांगितली आहे. अशा वेळी माणूस आपल्याला काय परवडतं हे मोजूच शकत नाही. याहून वाईट पुढे आहे. नवरा बरा झाला, तर ते पाकिटामुळे झालं असं त्यांच्या मनात बसेल आणि पुढच्या प्रत्येक दुखण्याला त्या पाकीट घेऊन धावतील. तो गेला, तर आपण कमी दिलं ही टोचणी जन्मभर राहील. दोन्हीकडून नुकसान त्यांचंच आहे.

परत करताना आधी फोन करा, दवाखान्यात जाऊ नका, त्यांना सोयीचं असेल तेव्हा स्वतः जा. दिरांना पाठवू नका. पाकीट उघडलं नसेल तर तसंच द्या, उघडलं असेल तर त्यांच्यासमोर मोजून द्या. बोलायचं एवढंच: “तुमची भावना पोचली. प्रार्थनेचे मी पैसे घेत नाही. हे आत्ता तुम्हाला लागतील.” “ते बरे होऊ देत, मग बघू” हे वाक्य चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका. ते विनयाचं वाटतं, पण त्यात पैसे सरळ बरं होण्याला बांधले जातात. त्यांनी फारच आग्रह धरला, तर घरातलं सगळं मार्गी लागल्यावर, निदान तीन महिन्यांनी, दुसऱ्या कोणासाठी काही द्यावंसं वाटलं तर द्या, असं सांगा.

दिरांनी केलं ते नवं नाही. बायबलच्या जुन्या करारात अलीशा संदेष्ट्याची गोष्ट आहे. नामान नावाचा सेनापती कोड बरं झाल्यावर भेटी घेऊन येतो, अलीशा काहीही घ्यायला साफ नकार देतो. नामानचा रथ निघतो आणि अलीशाचा सेवक गेहजी त्याच्यामागे धावत जातो, खोटं कारण सांगून चांदी आणि कपडे घेतो, आणून घरात लपवतो. गुरूने आत दिलेला नकार दाराबाहेर मोडला जातो, ही अडचण इतकी जुनी आहे. म्हणून आजच घरात नियम करा: पैशाचा व्यवहार फक्त तुम्ही कराल, तोही ठरलेल्या रकमेचा, आणि पावती देऊन. दिरांवर रागावण्याआधी हेही लक्षात घ्या की घरातली ओढाताण त्यांना दिसते आहे आणि तुम्ही तिच्यावर अजून काही ठरवलेलं नाही. नियम नसला की घरातलं माणूस आपल्या परीने तो करतं.

आता मूळ प्रश्न. पैसे घेणं पाप आहे का?

धर्मांनी या प्रश्नावर खूप विचार केला आहे आणि त्यांची उत्तरं वरवर एकमेकांविरुद्ध दिसतात. तुकोबा तर म्हणतात की जिथे कीर्तन करावं तिथे अन्नसुद्धा घेऊ नये. कीर्तनाचं द्रव्य घेणारे नरकात जातात आणि देणारेही. पाली साहित्यात कसिभारद्वाज नावाच्या शेतकरी ब्राह्मणाची कथा आहे. तो बुद्धांना म्हणतो, मी नांगरतो, पेरतो, मग खातो. तूही तसंच कर. बुद्ध गाथांमधून उत्तर देतात की मीही नांगरतो. तो खूश होऊन खिरीचं पात्र पुढे करतो, तर बुद्ध ते नाकारतात: गाथा म्हणून मिळालेलं अन्न मी खात नाही. भिक्षेवर जगणारा माणूस हे म्हणतो आहे. त्याचा आक्षेप अन्नाला नव्हता, त्या अन्नाला मोबदल्याचं रूप आलं याला होता.

दुसऱ्या बाजूला हदीसमध्ये, म्हणजे प्रेषित मुहंमदांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहात, एक प्रसंग आहे. प्रेषितांचे काही सोबती प्रवासात असताना एका टोळीच्या प्रमुखाला विषारी दंश होतो. त्या टोळीने त्यांचा पाहुणचार नाकारलेला असतो, म्हणून ते आधी मेंढ्या ठरवून घेतात आणि मग सूरह फातिहा, म्हणजे कुराणाचा पहिला अध्याय, म्हणून फुंकर घालतात. त्या मेंढ्या घ्याव्यात की नाही असा प्रश्न त्यांनाच पडतो. प्रेषित मान्यता देतात, माझाही वाटा ठेवा म्हणतात. ख्रिस्ती परंपरेतला संत पौल सांगतो की सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगणाऱ्याने सुवार्तेवर जगायला हरकत नाही. स्वतः मात्र तंबू शिवून पोट भरतो.

तुम्हाला सगळ्यात उपयोगी पडेल ती ज्यू धर्मशास्त्रातली वाट. तिथे तोरा, म्हणजे ज्यूंचं धर्मशास्त्र, शिकवण्याचे किंवा न्यायनिवाडा करण्याचे पैसे घेणं मना आहे, पण ते करताना आपलं नेहमीचं काम बुडालं तर त्या वेळेची भरपाई घेता येते. ‘सखर बटाला’ असा शब्दच आहे त्याला. ताल्मुद या ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथात रव हुना नावाच्या विद्वानाबद्दल आहे की लोक भांडण घेऊन आले की तो म्हणायचा, माझ्या जागी पाणी ओढायला एक माणूस द्या, मी निवाडा करतो. त्याने न्यायाची किंमत लावली नाही. शेताला पाणी देणं थांबणार होतं, तेवढं भरून मागितलं.

तुमचा प्रश्न इथे सुटतो. तुम्ही नोकरीचे तास सोडले, ते तुमचं पाणी ओढणं. त्या तासांचे पैसे घ्या, उघडपणे घ्या. शिकवण्याची तयारी, जागा, आसनं, वीज, हे सगळं त्यात धरा. घ्यायचे नाहीत ते फळाचे: बरं होण्याचे, संकट टळण्याचे, आशीर्वादाचे, पापक्षालनाचे. ज्या गोष्टीची हमी तुम्ही देऊ शकत नाही आणि जी मिळाली की नाही हे समोरच्याला तपासता येत नाही, तिला किंमत लावली की तिथून घसरण सुरू होते. सोळाव्या शतकात युरोपात चर्चकडून पापांच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रं, मेलेल्यांसाठीसुद्धा, पैसे घेऊन दिली जात आणि १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने त्याविरुद्ध पंच्याण्णव मुद्दे मांडले. मेलेल्या आईबापांची शिक्षा खरंच कमी झाली का, हे विकत घेणारा कुठे जाऊन बघणार?

रक्कम अशी काढा. एक तासाच्या भेटीला प्रत्यक्षात दीड तास जातो: आधीची दहा मिनिटं तयारी, नंतरची दहा मिनिटं टिपण, आणि पुढचं माणूस येण्याआधी स्वतःला निवायला दहा मिनिटं. ही शेवटची दहा मिनिटं खाल्लीत तर तिसऱ्या माणसाला तुमचे फक्त कान मिळतील, तुम्ही नाही. दिवसाला तीन भेटी, महिन्याला वीस दिवस, म्हणजे साठ जागा. दहा जण ऐनवेळी येत नाहीत असं धरा, पन्नास उरल्या. त्यातली दर पाचवी जागा, म्हणजे दहा, विनामूल्य ठेवा. चाळीस राहिल्या. नोकरी कमी केल्याने घरात जी तूट आली ती, अधिक जागेचा खर्च, अधिक कर, अधिक आजारपणासाठी थोडी शिल्लक, याला चाळीसने भागा. येईल तो आकडा तुमची फी. तुमच्याइतका अनुभव असलेला समुपदेशक किंवा संगीतशिक्षक तासाला जे घेतो त्याच्या जवळपास हा आकडा आला तर ठीक. तिप्पट आला, तर एकतर खर्च चुकीचा धरला आहे किंवा एवढ्या कामावर घर चालणार नाही. मग नोकरीचे काही तास परत घ्या. येणाऱ्यांच्या खिशातून ती तूट भरायची नाही. हा आकडा एकट्याच्या भेटीचा. ध्यानाचे गट घेता तिथे दहा जणांत तोच तास वाटला जातो, त्यामुळे प्रत्येकाची फी बरीच खाली येते. घर चालवायचा भार शक्यतो गटांवर ठेवा, म्हणजे एकट्याने भेटायला येणाऱ्या दुःखी माणसावर तुमचं भाडं अवलंबून राहणार नाही.

आकडा ठरला की तो आधी सांगायचा. माणूस रडून झाल्यावर नाही, भेटीची वेळ ठरवतानाच. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय या क्षेत्रात फार आहे. “मी काही मागत नाही, तुमच्या मनाला येईल ते” असं म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा काहीतरी हवंच असतं, आणि समोरचा बिचारा अंदाज बांधत बसतो: किती दिलं तर बरं दिसेल, कमी दिलं तर प्रार्थना कमी होईल का? लिहून ठेवा आणि सगळ्यांना एकच कागद द्या. त्यावर भेट किती वेळाची, फी किती, अर्धी फी आणि शून्य फी अशा दोन सवलती, आदल्या दिवशी कळवलं तर रद्द करण्याचे पैसे नाहीत, पहिल्या भेटीनंतर उपयोग वाटला नाही तर पैसे परत. सवलत कोणती हवी ते माणसाने स्वतः खूण करून सांगायचं. पुरावा मागायचा नाही, कारण विचारायचं नाही. काही जण गैरफायदा घेतील. घेऊ देत, दहा जागा त्यासाठीच आहेत. भरल्या की पुढच्या महिन्याची यादी करा, अकरावी जागा भिडेपोटी काढू नका. भीड ही भिकेची बहीण, आणि थकलेली साधिका कोणाच्याच उपयोगाची नाही.

ऐच्छिक देणगी हा मार्ग तुम्हाला जास्त पवित्र वाटत असेल, तर त्याचा इतिहासही बघा. बुद्धांच्या निर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीत जी धर्मसंगीती, म्हणजे भिक्षूंची सभा, भरली ती ज्या वादातून भरली, त्याची सुरुवात एका भांड्यापासून झाली. उपोसथाच्या, म्हणजे बौद्धांच्या व्रताच्या, दिवशी तिथल्या भिक्षूंनी काशाच्या भांड्यात पाणी भरून ते संघाच्या मधोमध ठेवलं आणि आलेल्या उपासकांना सांगितलं, संघासाठी नाणी टाका. यश नावाच्या भिक्षूने हरकत घेतली. देणगी ऐच्छिकच होती. पण भांडं मधोमध होतं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, आणि पाण्यात पडलेलं नाणं सगळ्यांना दिसणार होतं. आज पाण्याच्या भांड्याच्या जागी देणगीदारांच्या नावांचा फलक असतो, किंवा ध्यानातून डोळे उघडताच समोर धरलेला मोबाइलवरून पैसे भरायचा कोड. दबाव तोच. देणगीच घ्यायची असेल तर पेटी तुमच्या नजरेआड ठेवा, नाव लिहू नका, भेटीनंतर लगेच घेऊ नका आणि वरची मर्यादा ठरवा. गोएंका गुरुजींच्या परंपरेतल्या विपश्यना केंद्रांत दहा दिवसांच्या शिबिराला फी नसते आणि ज्याने निदान एक शिबिर पूर्ण केलं आहे त्याच्याकडूनच दान घेतलं जातं. ते दान पुढच्या माणसासाठी असतं, त्यामुळे आपल्याला जे मिळालं त्याची किंमत चुकवल्यासारखं होत नाही. पण तिथले आचार्य त्यावर पोट भरत नाहीत, हे विसरू नका. तुम्हाला घर चालवायचं आहे, म्हणून ठरलेली फी हाच तुमच्यासाठी जास्त सरळ मार्ग आहे.

कोणाकडून घेऊ नये, तेही सांगते. आजारी माणसासाठी प्रार्थना, मरणासन्न माणसाजवळ बसणं, ज्याच्या घरात मृत्यू झाला आहे त्याचं सांत्वन: याला फी नाही, देणगीही नाही. रोमन कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेत मिस्सासाठी, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेसाठी, अर्पण घ्यायला परवानगी आहे, पण त्यात व्यापाराचा भासही येऊ नये आणि गरिबीमुळे कोणी संस्कारांपासून वंचित राहू नये, असं स्पष्ट लिहिलं आहे. ‘भासही’ हा शब्द महत्त्वाचा. जीव द्यावासा वाटतो असं कोणी बोललं, तर त्या दिवशी फीचा विषय नाही आणि ध्यानाचाही नाही. त्या माणसाला एकटं सोडू नका, घरच्या कोणाला तरी बोलवा, डॉक्टरांकडे पोचवा. चालू औषध बंद करा किंवा कमी करा, हे तुम्ही कधीही म्हणायचं नाही. कोणी स्वतःहून बंद केलं असं कळलं, तर पुढची भेट डॉक्टरांना भेटून आल्यावरच.

काही वाक्यं तर आजपासून वर्ज्य करा: “तुमच्या मागे काहीतरी लागलं आहे”, “पुढच्या महिन्यापर्यंत केलं नाही तर”, “हे घरात कोणाला सांगू नका”. फसवणुकीचा साचा सगळीकडे याच तीन पायऱ्यांचा असतो. आधी भीती दाखवायची, मग मुदत घालायची, मग माणसाला एकटं पाडायचं. पहिली रक्कम मुद्दाम लहान असते. ती दिलेली असल्यामुळे दुसरी, मोठी, नाकारता येत नाही. नाकारली तर पहिलीही वाया गेली हे कबूल करावं लागतं. तुम्ही असं करणार नाही हे पत्रावरून दिसतं. पण मनापासून विश्वास असलेल्या माणसाच्या तोंडूनही ही वाक्यं निघतात आणि ऐकणाऱ्याचं नुकसान तेवढंच होतं. ब्रिटनमध्ये १९५१ पासून मृतात्म्यांशी बोलतो असं खोटंच सांगणाऱ्या ‘माध्यमां’विरुद्ध खास कायदा होता, त्यात फसवण्याचा हेतू दाखवावा लागे. २००८ मध्ये तो रद्द झाला आणि या सेवा ग्राहकसंरक्षणाच्या साध्या नियमांखाली आल्या. तिथे तुमच्या मनात काय होतं यापेक्षा ग्राहकाला काय सांगितलं, हे जास्त बघितलं जातं. स्वतःला तपासायची तीच फूटपट्टी ठेवा.

मैत्रिणीचं म्हणणं अर्धं खरं आहे. फी भरलेला माणूस वेळेवर येतो, हे होतं. पण न भरलेला मनापासून साधना करत नाही, हे खरं नाही, आणि फी वाढवली की साधना खोल जाते हे तर धोकादायक आहे; पहिली पातळी, दुसरी पातळी, प्रमाणपत्र, त्याहून महाग प्रमाणपत्र, ही शिडी त्याच विचारावर उभी असते.

ज्यांच्याकडे शिकलात त्यांचं म्हणणं मात्र हलक्याने घेऊ नका. विद्या जाते म्हणजे काय, याचा एक अगदी व्यावहारिक अर्थ आहे: नकार देण्याची ताकद जाते. ज्याच्या पैशावर घर चालतं त्याला “आता येऊ नका” म्हणता येत नाही. त्यांना हेही नम्रपणे सांगा की पैसे न घेणारेही वसुली करू शकतात. शिष्याकडून घरकाम, सतत कौतुक, निमूट आज्ञापालन, हे सगळं पैसे न घेता घेतलं जातं आणि त्याचा हिशोब कुठेच लिहिलेला नसतो. फी घेतली की निदान देणंघेणं तिथे संपतं.

हाच धागा त्या गृहस्थांपर्यंत जातो. तुमच्या एकूण कमाईत एका माणसाचा वाटा पंचमांशाहून जास्त होऊ देऊ नका. महिन्याच्या हिशोबात तो दिसलाच पाहिजे, म्हणून वहीत नावापुढे रक्कम लिहा. ठरलेल्या फीपेक्षा जास्त ते देतील ते परत करा, पहिल्याच वेळी, हसून आणि ठामपणे. भेटी कमी करा: आधी पंधरा दिवसांतून एक, तीन महिन्यांनी महिन्यातून एक. अचानक बंद करू नका. ज्याने तुमच्यावर भार टाकला आहे तो पडेल. नोकरी बदलू का, जागा घेऊ का, मुलीचं लग्न ठरवू का, अशा प्रश्नांना उत्तर देणं थांबवा. त्यांनी विचारलं की उलट विचारा, “तुम्हाला स्वतःला काय वाटतं, आणि घरात कोणाशी बोललात?” पहिल्यांदा ते गोंधळतील, कदाचित चिडतील, तुम्ही पूर्वी सांगायचात म्हणतील. कबूल करा की सांगायचे, आणि ते चुकलं. मग गप्प बसा आणि त्यांना वेळ द्या. तासातली वीस मिनिटं शांततेत गेली तरी चालतील. पुढच्या वेळी ते निर्णय घेऊन आले आणि तो तुम्हाला पटला नाही, तरी तो दुरुस्त करू नका.